जपूनकाका आणि तात्पुरत्या फायली

जपूनकाकांचा 'तात्पुरतं' या शब्दावर काडीचाही विश्वास नव्हता. एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, आणि तिथे 'तात्पुरती' म्हणून आलेली एकही वस्तू त्यांनी परत जाताना पाहिली नव्हती. तात्पुरतं कपाट, तात्पुरते साहेब, छत गळतं म्हणून कोपऱ्यात तात्पुरती ठेवलेली बादली. छत दुरुस्त झालं तरी बादली हलली नाही. पुढे तिला वस्तूंच्या नोंदवहीत क्रमांकसुद्धा मिळाला.

कुणी फाइल न्यायला आलं की ती हातात देताना काका म्हणायचे, "जपून!" चहाचा कप देताना तेच, जिना उतरणाऱ्याला तेच. नव्याने लग्न झालेल्या एका कारकुनालाही त्यांनी अभिनंदन करताना तेच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

मग एक दिवस सगळे कागद मशीनमध्ये घालून स्कॅन झाले, रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं आणि काका एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसले.

काकूंचं बाहेरच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम चाले. विजार आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. काका घरी बसले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंच्या बटणांची सूची केली. डब्यांना क्रमांक दिले, उपक्रमांक दिले. शनिवारी काकूंना एक साधं काळं बटण हवं होतं, तर काकांनी विचारलं, "कशासाठी? आणि परत कधी मिळेल?"

काकूंनी सुई पिनकुशनमध्ये खोचली. म्हणाल्या, "अहो, चौकात तो कॉम्प्युटरचा क्लास आहे ना, तिथे जा. काहीही शिका, पण घराबाहेर शिका."

अशा रीतीने काका पायथॉन शिकले. पायथॉन ही संगणकाला सूचना देण्याची एक भाषा. वर्गातली बाकी मुलं त्यांच्या निम्म्याहून कमी वयाची. ती या भाषेच्या एका नियमाला फार वैतागत. ओळ समासापासून किती आत सरकवायची हे ठरलेलं असतं, एक जागा चुकली की सगळं अडून बसतं. काकांना मात्र पहिल्याच दिवशी गहिवरून आलं. समास सोडा, समास सोडा, असं ते सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले होते. ऐकणारं कुणीतरी शेवटी भेटलं.

दोन वर्षांनी त्यांना नोकरीही लागली. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तीन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली कानस सुरू झाली की वर फोनवर ओरडून बोलावं लागे. मालकीणबाई बत्तीस वर्षांच्या. काका त्यांना मॅडम म्हणत आणि त्या यांना काका. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता: "सोडून जाणार नाही ना?" काकांना तो प्रश्नच कळला नाही. जागा सोडून जातात हे त्यांनी फक्त ऐकलं होतं.

ऑफिस दाखल्यांचं काम करी. म्हणजे असं: डॉक्टरने आपल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडायची, रोग्याची माहिती भरायची आणि 'डाउनलोड' दाबायचं. लगेच इकडच्या सर्व्हरवर वर्डची एक फाइल तयार होई आणि तिकडे पोचे. गिऱ्हाइकं तीन. एक माणसांचा दवाखाना, एक जनावरांचा दवाखाना आणि एक ड्रायव्हिंग स्कूल. फाइल बनवायची, ज्याची त्याला द्यायची आणि आपल्याकडची प्रत पुसून टाकायची, एवढाच तो खेळ. मधल्या त्या घटकाभरासाठी फाइल ज्या फोल्डरमध्ये टेकायची त्याचं नाव होतं 'तात्पुरत्या'. हे काम मालकीणबाईंनी मोठ्या विश्वासाने काकांवर सोपवलं.

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक उंच, ताठ बाई उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना पोहायला सांगितलं होतं, आणि तरणतलावाचा नियम असा, की दर महिन्याला तब्येतीचा नवा दाखला आणायचा.

मोठ्या बाईंनी हातातला कागद काकांच्या टेबलावर ठेवला.

"हा दाखला कुणी केला?"

"मी," काका म्हणाले आणि नकळत उभे राहिले.

"वाचा. मोठ्याने."

काका वाचू लागले. "वय चार वर्षं. जात मिश्र. वजन सतरा किलो. अंगावरचे केस चमकदार. दात उत्तम. जंतांचं औषध दिलं आहे. अनोळखी माणूस दिसल्यास..."

"थांबलात का? पुढे."

"...गुरगुरते. एरवी प्रेमळ आहे."

कोपऱ्यात भिंगताई बसली होती. कामातल्या चुका शोधणं हीच तिची नोकरी. डोळा असा तीक्ष्ण की सगळे तिला भिंग म्हणत. तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"मी हे न वाचता तलावावर दिलं," मोठ्या बाई म्हणाल्या, "ही माझी चूक. तिथल्या रखवालदाराने ते वाचलं. सावकाश वाचलं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, 'बाई, दातांचं बरोबर आहे.' तो माझाच विद्यार्थी. तीस वर्षं या दिवसाची वाट बघत होता, असं मला वाटतं."

काकांनी पाणी दिलं. जपून म्हणण्याचं धाडस झालं नाही. मग शोधाशोध झाली आणि काकांचं पितळ उघडं पडलं. त्यांनी प्रत्येक फाइलला एकच नाव ठेवलं होतं: 'दाखला'. नवा आला की जुन्यावर लिहिला जाई. एका वेळी एकच माणूस बटण दाबत होता तोवर सगळं ठीक. पण त्या सकाळी इकडे मोठ्या बाईंच्या डॉक्टरांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी तिकडे जनावरांच्या दवाखान्यात एका कुत्रीसाठी दाबलं गेलं. बाईंचा दाखला निघण्याआधीच त्यावर कुत्री लिहिली गेली.

"म्हणजे वर्गात चाळीस मुलं आणि वही एकच?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दोघं एकदम लिहायला येतील असं वाटलं नव्हतं."

"तुम्ही शाळेत गेला होतात ना लहानपणी?"

भिंगताईने जुन्या नोंदी उकरल्या, तर असे घोळ आधीही झालेले निघाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या एका तरण्याबांड शिकाऊ चालकाला 'गाभण, सातवा महिना' असा दाखला गेला होता आणि त्याने शरमेने तो कुणाला दाखवलाच नव्हता. एका म्हशीच्या मालकाला 'रोज अर्धा तास पोहावे, मन प्रसन्न ठेवावे' असा कागद मिळाला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "चूक कसली? ती रोज तेच करते. डॉक्टर हुशार आहेत."

काकांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली. प्रत्येक फाइलला वेगळं नाव. पायथॉनकडे असं नाव आपोआप देण्याची सोय आहे, पण ती देते ते नाव म्हणजे अक्षरांची नुसती खिचडी. कुठल्या रेकॉर्ड रूममध्ये असलं नाव खपवून घेतील? काकांनी आपली पद्धत बसवली: तारीख, तास, मिनिट, सेकंद, गिऱ्हाइकाचा क्रमांक आणि शेवटी अनुक्रमांक. मोठ्या बाईंना त्यांचा स्वतःचा दाखला मिळाला. त्यांनी तो जागीच वाचला, दोनदा, आणि मगच जिना उतरल्या.

"काका, पाठवून झाल्यावर फाइल पुसताय ना?" भिंगताईने विचारलं.

"पुसणार तर," काका म्हणाले. यातला भविष्यकाळ तिच्या लक्षात आला नाही, हे तिच्या कारकिर्दीतलं एक मोठं अपयश.

काकांनी पुसण्याची ओळ लिहायला घेतली होती. तीनदा घेतली होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी दारात येऊन उभं राही आणि म्हणे, तो अमुक दिवसाचा कागद द्या. मग आपण काय म्हणायचं? फेकला? शेवटी त्यांनी त्या जागी एक टीप लिहून ठेवली, 'नंतर पुसावे', आणि निश्चिंत मनाने डबा उघडला.

माणसांचे दाखले हलके असतात. जनावरांच्या दवाखान्याचे मात्र एक्स-रेच्या फोटोंसकट जात. त्यातून तिथल्या नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ लिफ्टचं बटण दाबावं तसं 'डाउनलोड' दाबत. एकदा दाबून भागत नाही अशी त्यांची श्रद्धा. एका बैलाच्या मोडलेल्या पायाच्या चौदा फायली तयार झाल्या आणि चौदाही काकांनी नीट क्रमाने लावून ठेवल्या.

पाच आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी, सगळंच बंद पडलं. पहिला फोन मोठ्या बाईंचा.

"मी दवाखान्यात बसले आहे. डॉक्टरांच्या स्क्रीनवर 'जागा शिल्लक नाही' असं आलंय. तलावात नाही की तुमच्याकडे?"

"आमच्याकडे, बाई."

"मग करा."

सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती. 'तात्पुरत्या'मध्ये एकोणीस हजारांवर फायली निघाल्या. मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला, पण आवाज चढवला नाही. "काका, आज दुपारपर्यंत हे सगळं साफ करा. मी बँकेत जाऊन येते."

आता साफ करायचं म्हणजे आधी बघायला नको का? काकांनी पहिली फाइल उघडली. मग दुसरी. एका पोपटाला बोलायची बंदी होती, घसा बसल्यामुळे. एका बोकडाने मोजपट्टी गिळली होती आणि ती एक्स-रेत आकड्यांसकट दिसत होती. एका शिकाऊ चालकाला एका डोळ्याने कमी दिसत होतं, एका बाईंना झोप येत नव्हती, एका गृहस्थांना असं काही दुखणं होतं की काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. हे टाकायचं? हे तर कामाचं आहे!

चार वाजता मालकीणबाई परतल्या. काकांनी तोवर अकरा फायली पुसल्या होत्या. दोनशे साठ फायली एका नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या.

"काका," मालकीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "'महत्त्वाच्या तात्पुरत्या' म्हणजे काय?"

"ज्या पुढेमागे लागतील अशा."

"कुणाला?"

काकांनी बोकडाची फाइल उघडून दाखवली. 

मालकीणबाईंनी स्वतः एका ओळीची आज्ञा टाइप केली. ती सगळंच पुसणार होती, दोन्ही फोल्डर. मग त्यांनी कीबोर्ड काकांकडे सरकवला.

"मॅडम, तुम्हीच दाबा."

"नाही काका. तुम्हीच."

खाली कानस थांबली होती. काकांनी डोळे मिटले आणि दाबलं. एकोणीस हजार फायली जायला चार सेकंद लागले. काका फोनकडे बघत बसले. आता येणार, आता कुणीतरी मागणार. सहा वाजले. सोमवार गेला, मंगळवार गेला. एकाही माणसाने एकही जुनी फाइल मागितली नाही. काकांना हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर थोडा अपमान वाटला.

मंगळवारी संध्याकाळी काकू एका विजारीची शिवण उसवत होत्या आणि काका समोर पाय सोडून बसले होते.

"अगं, गिऱ्हाइकाच्या कपड्याला तू ती नंबराची चिठ्ठी लावतेस, ती नंतर कुठे ठेवतेस?"

"ठेवते कशाला? कपडा नेला की चिठ्ठी टाकते."

"आणि तो परत आला तर?"

"तर विजार घेऊन येईल. चिठ्ठी घेऊन येऊन काय करेल?" काकूंनी दोरा तोडला. "आणि त्या चिठ्ठीवर कंबरेचं माप असतं, अहो. गेल्या वर्षी किती होतं, यंदा किती झालं. ते मी जपून ठेवते असं कळलं तर दुसऱ्यांदा पायरी चढेल का कुणी?"

 काकांना झोप न येणाऱ्या त्या बाई आठवल्या, ते दुखणेकरी गृहस्थ आठवले. रेकॉर्ड रूममध्ये कागद वाचणं हे कामच होतं. पण या लोकांनी आपलं दुखणं डॉक्टरला सांगितलं होतं. चाव्यांच्या दुकानावर बसलेल्या एका माणसाने दुपारच्या वेळी, डब्यातलं खात खात, ते वाचावं म्हणून नव्हे. बोकडाचं ठीक आहे, बोकडाला काय. पण बाकीच्यांचं?

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आणि माणूस एकदा सुधारायचं म्हणाला की कसा सुधारतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका टोकावरून निघतो तो मध्ये कुठे थांबतच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून फाइल डिस्कवर उतरणारच नाही. मेमरीतच लिहायची आणि मेमरीतूनच पाठवायची. काम झालं की आपोआप नाहीशी. ठेवायला नको, पुसायला नको, कुणी बघायला नको."

कल्पना चांगली होती. मालकीणबाईसुद्धा हो म्हणाल्या. नेमकी भिंगताई तेव्हा बहिणीच्या घराचं सामान हलवायला दोन दिवस रजेवर होती, म्हणून काकांनी स्वतःच चाचणी घेतली. बटण दाबलं. फाइल आली. नाव बरोबर, आणि आली ती इतकी चटकन की काका खूश झाले. उघडून मात्र बघितली नाही. दुसऱ्याचं आता वाचायचं नाही, असं त्यांनी आदल्या रात्रीच ठरवलं होतं ना!

गुरुवारी सकाळी फोनचा भडिमार सुरू झाला. जनावरांच्या दवाखान्यातले गृहस्थ म्हणाले, आम्ही बावीस वेळा दाबलं, बावीस कोरे कागद आले. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले, आमच्या पोरांना वाटलं सगळे नापास. काका 'हो, बघतो' म्हणत होते तोवर जिन्यावर ती ओळखीची पावलं वाजली.

मोठ्या बाई आल्या. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात पांढरा शुभ्र कागद.

"तुम्ही पोहून आलात?" काकांनी चाचरत विचारलं. "या दाखल्यावर?"

"रखवालदाराने कागद पुढून बघितला, मागून बघितला, उजेडात धरला. म्हणाला, 'बाई, यात एकही आजार लिहिलेला नाही. जा.'" त्यांनी खुर्ची ओढली. "आता ऐका. मी चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. कोरी उत्तरपत्रिका दोन प्रकारची असते. एकाला काही येतच नसतं. दुसऱ्याने सगळं लिहिलेलं असतं, पण बांधताना भलतीच पानं बांधलेली असतात. तुम्ही कुठल्या प्रकारचे?"

काका म्हणाले, "दुसऱ्या... बहुतेक."

"मग शोधा. मी बसते."

आणि त्या खरंच बसल्या. पंख्याखाली, केस वाळवत, काकांच्या पाठीमागे. मालकीणबाई दारातून एकदा डोकावल्या आणि पाय न वाजवता परत गेल्या.  काकांनी मेमरीत काय लिहिलं जातंय ते तपासलं. फाइल पूर्ण होती, अक्षर न् अक्षर जागेवर. मग पाठवताना काय जातंय ते पाहिलं. शून्य. लिहिलेलं सगळं होतं आणि पाठवलेलं काहीच नव्हतं. हे म्हणजे भरल्या घरातून रिकाम्या हाताने परत येण्यासारखं.

अर्धा तास गेला. पाठीमागे टॉवेल झटकल्याचा आवाज झाला आणि काकांना एकदम त्यांचे एक जुने साहेब आठवले. ते साहेब फाइल शेवटपर्यंत वाचायचे आणि शेवटचं पान उघडं तसंच ठेवून खाली पाठवायचे. पुढचा माणूस तिथूनच बघायचा आणि ओरडायचा, 'अहो, यात तर काहीच नाही!' मग काका जायचे, फाइल मिटायचे, पहिल्या पानावर उघडून द्यायचे. दिवसातून चार वेळा.

"अरे देवा," काका म्हणाले.

"सापडलं?"

"बाई, लिहून झाल्यावर बोट शेवटच्या अक्षरावर राहिलंय. मी म्हटलं वाच, तर पायथॉन बोट होतं तिथून पुढे वाचायला लागला. पुढे काय असणार? त्याचं चुकलं नाही. पहिल्या पानावर जा, हे मी सांगितलंच नाही."

"एवढंच?"

"एवढंच. एक ओळ."

ओळ लिहिली. दवाखान्यात फोन करून बाईंचा दाखला पुन्हा मागवला. फाइल आली. काकांचा हात माउसवर घुटमळला.

"उघडू का? तुमचं खासगी आहे म्हणून विचारतो."

"उघडा हो. कुत्रीचं वाचताना नाही लाज वाटली ती?"

काकांनी उघडली आणि संकोचाने अर्धी मान वळवून वाचली. वय एकसष्ट, पोहण्यास योग्य, खोल पाण्यात एकट्याने जाऊ नये. सगळं होतं. प्रिंटरने कागद दिला, मोठ्या बाईंनी घडी घातली आणि पहिल्यांदाच थोडंसं हसल्या. "बरोबर उत्तर. वेळ जास्त घेतला," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे भिंगताई रजेवरून आली, तिने सगळं पुन्हा तपासलं आणि एक राहिलेली गोष्ट दाखवून दिली. एक्स-रेवाल्या जड फायली मेमरीत मावेनात. त्या डिस्कवरच उतरवायला हव्यात. ठीक आहे, काकांनी त्यांना पायथॉनने दिलेली खिचडी नावं दिली, आणि पाठवून झाली की पुसण्याची ओळही लिहिली. पण एखादं गिऱ्हाईक मध्येच उठून गेलं, वीज गेली, तर फाइल मागे राहणार. म्हणून दर थोड्या वेळाने जुन्या फायली झाडून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम हवा होता. किती वेळ जुन्या, यावर मालकीणबाई आणि काका यांच्यात बाजारात होते तशी घासाघीस झाली. काका म्हणाले एक आठवडा. मॅडम म्हणाल्या दहा मिनिटं. काका दोन दिवसांवर उतरले, मॅडम वीस मिनिटांवर चढल्या. काका म्हणाले, निदान त्या दवाखान्यातल्या गृहस्थांचं बटण दाबून होईपर्यंत तरी? शेवटी तोडगा एका तासावर निघाला. काकांनी प्रोग्रॅम लिहिला आणि तो रोज न चुकता झाडू मारू लागला.

फोन बंद झाले. महिना गेला, दुसरा गेला. दाखले जात होते, पुसले जात होते, आणि एवढं सगळं बरोबर चाललं असताना कुणी चुकूनही फोन करून 'वा' म्हणत नव्हतं. चांगल्या कामाचं हे एक वाईट असतं.

मग एका बुधवारी मोठ्या बाई आल्या. काका आधीच 'चुकलं, बाई' म्हणून मोकळे झाले. पण त्यांच्या हातातला दाखला त्यांचाच होता, भरलेला होता, फक्त त्यावर लाल शाईच्या सत्तेचाळीस खुणा होत्या.

"मजकूर कुणाचा?" त्यांनी विचारलं. "ही काय भाषा आहे? आणि हे बघा. 'शारिरीक'. शारीरिक! पहिली वेलांटी दीर्घ, दुसरी ऱ्हस्व."

"बाई, मी सव्वीस वर्षं हेच लिहिलंय."

"मग सव्वीस वर्षं चुकलंय."

काकांनी शब्दकोश काढला. पानं उलटली. बाईंचंच बरोबर निघालं. पण काकांना त्याचं वाईट वाटण्याऐवजी असा आनंद झाला, जसा बऱ्याच दिवसांनी गावचं कुणी भेटल्यावर होतो. पायथॉन म्हणजे परकी भाषा. तिच्यातल्या चुका भिंगताईने दाखवायच्या. पण वेलांटी, अनुस्वार, समास? यावर ते कुणाशीही दिवसभर भांडायला तयार होते, आणि इतक्या वर्षांत समोर भांडायला कुणी आलंच नव्हतं.

दोघं दोन दुपारी बसली. 'तपासण्यात आले आहे' की 'तपासले', यावरच एक तास गेला. मालकीणबाईंनी आधी कान देऊन ऐकलं, मग कानात इअरफोन घातले. पुढे हे दर बुधवारचंच झालं. बाई पोहून येत, काका त्यांच्यासाठी पंख्याखालची खुर्ची पुसून ठेवत, आणि मग जनावरांच्या, माणसांच्या, चालकांच्या दाखल्यांवर लाल शाई फिरे. काकू घरी म्हणाल्या, "बरं झालं. आता बटणांना हात लावत नाहीत."

पहिली दुरुस्ती अर्थातच त्या शब्दाची झाली. काकांनी एका मंगळवारी संध्याकाळी तिन्ही गिऱ्हाइकांच्या दाखल्यांत 'शारीरिक' असं शुद्ध करून टाकलं, भिंगताईकडून तपासून घेतलं आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ड्रायव्हिंग स्कूलमधून फोन आला. माणूस चांगलाच वैतागलेला होता.

"काय हो, पुन्हा घोळ घातलात का? तुमच्या दाखल्यात 'शारिरीक'चं स्पेलिंग चुकलंय!"

बुधवार होता. काकांनी फोन मोठ्या बाईंच्या हातात दिला आणि चहा सांगायला खाली गेले.